लेझरच्या ठिणगीतून लिथियम मोजताना: कॅथोड पावडरीपासून भरवशाच्या आकड्यापर्यंत

पावडर दाबून केलेल्या काळ्या गोळीवर लेझरचा पहिला पल्स पडतो तेव्हा ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी पांढरी ठिणगी दिसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नीट पाहिलं तर तिच्या कडेला लालसर झाक असते. ती लिथियमची. दिवाळीतल्या भुईनळ्यातला लाल रंग स्ट्रॉन्शियमचा आणि हिरवा बेरियमचा असतो, तशीच ही ओळख. आपल्याला मात्र नुसती ओळख पुरत नाही, ‘किती’ हे हवं असतं.

या पद्धतीला प्रयोगशाळेत सगळे लिब्स (लेझर-इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी) म्हणतात. लेझरच्या धडकेने नमुन्याचा किंचित भाग उडवायचा, त्याचा प्लाझ्मा होऊ द्यायचा आणि तो निवताना जो प्रकाश फेकतो त्याचा वर्णपट घ्यायचा. त्यात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबींवर रेषा दाखवतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचं सांगितलं, ते याच पद्धतीच्या उपकरणाने. ते बंगळुरूला इस्रोच्या एलईओएस प्रयोगशाळेत तयार झालं होतं.

बॅटरीच्या कामात लिब्सचं मोल एका साध्या कारणासाठी आहे. एक्सआरएफ (क्ष-किरण पाडून मूलद्रव्यं ओळखणारं) यंत्र निकेल, कोबाल्ट, मँगनीज छान दाखवतं, पण लिथियम त्याला दिसत नाही. इतक्या हलक्या अणूचे क्ष-किरण वाटेतच शोषले जातात. आयसीपी (द्रावण प्लाझ्मात फवारून मोजणारं यंत्र) लिथियम उत्तम मोजतं, पण त्यासाठी नमुना आम्लात विरघळवावा लागतो, आणि एकदा विरघळला की लिथियम वर होतं की तळाशी, हे कायमचं हातचं गेलं. लिब्समध्ये घन नमुना आहे तसा ठेवून, जागेगणिक आणि थरागणिक लिथियम पाहता येतं.

या लेखात एनएमसी कॅथोडचं, म्हणजे लिथियम-आयन बॅटरीतल्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडच्या धन इलेक्ट्रोडचं, उदाहरण घेतलं आहे. एमएस्सीचा प्रकल्प करणारे, पीएचडीला नुकते लागलेले किंवा सेल बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात रुजू झालेले, अशा तिघांनाही तो सारखाच उपयोगी पडावा. पायऱ्या ज्या क्रमाने करायच्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

आधी डोळे, मग फुप्फुसं

नेहमीचा एनडी-याग लेझर १०६४ नॅनोमीटरचा असतो. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग तो बिनदिक्कत दृष्टिपटलावर एकवटतं. दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही. चष्म्याच्या काचेवर छापलेला तरंगलांबीचा आकडा वाचल्याशिवाय तो चढवू नका. ५३२ नॅनोमीटरसाठीचा नारिंगी चष्मा १०६४ला अडवेलच असं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. चकाकणारी धातूची वस्तू परावर्तित किरण कुठे फेकेल याचा नेम नसतो. नमुनाकक्षाचं दार उघडलं की लेझर बंद करणारा इंटरलॉक कामाला अडथळा होतो म्हणून कोणी ‘बायपास’ करून ठेवला असेल, तर तो पूर्ववत होईपर्यंत काम सुरू करू नका. यात मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

निकेल आणि कोबाल्ट ऑक्साइडची धूळ फुप्फुसाला घातक आहे, निकेलची संयुगं तर कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहेत. दर पल्सला ती धूळ उडतेच. कक्षाला धूर ओढणारी नळी हवी, पावडर हाताळताना हातमोजे आणि मास्क हवा. वापरलेल्या सेलमधला इलेक्ट्रोड असेल तर सेल आधी पूर्ण डिस्चार्ज करून, ग्लव्हबॉक्समध्ये उघडून, डायमिथाइल कार्बोनेटने धुऊन आणि सुकवून घ्या. इलेक्ट्रोडवर राहिलेलं इलेक्ट्रोलाइटचं मीठ ओलाव्याशी गाठ पडली की हायड्रोफ्लुओरिक आम्ल सोडतं.

पायरी पहिली: गोळी

सुटी पावडर लेझरखाली ठेवू नका. पहिल्याच धक्क्याच्या लाटेने ती उडते, भिंगावर बसते आणि पुढच्या प्रत्येक मापात प्रकाश कमी पडत जातो. आपल्याला वाटतं निकेल कमी झालं.

अगेटच्या खलात पावडर एकजीव करा, १३ मिलिमीटरच्या डायमध्ये सुमारे ४०० मिलिग्रॅम भरा आणि हायड्रॉलिक प्रेसवर ५ ते ८ टनांखाली दोन मिनिटं ठेवा. दाब हळूहळू सोडा, नाहीतर गोळीला आडव्या भेगा पडतात. एनएमसीचे कण कडक असतात, नुसते दाबून नीट चिकटत नाहीत. सेल्युलोजची बारीक पावडर पाचास एक या प्रमाणात घातली की गोळी धरते. हे प्रमाण सगळ्या नमुन्यांत आणि सगळ्या प्रमाणित गोळ्यांत (ज्यांतलं प्रमाण आधीच माहीत आहे अशा) तंतोतंत तेच हवं, कारण गोळी किती घट्ट आहे यावर प्रत्येक पल्सला किती माल उडेल हे ठरतं.

कोकणपट्टीतल्या किंवा मुंबई-ठाण्यातल्या वाचकांसाठी इथे थोडं जास्त सांगतो. एनएमसी ८११सारखी (निकेल, मँगनीज, कोबाल्ट ८:१:१) निकेलबहुल पावडर दमट हवेत उघडी राहिली की पृष्ठभागावरचं लिथियम ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करून हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट बनतं. जुलैमध्ये दाबलेली गोळी रात्रभर टेबलावर उघडी राहिली, तर सकाळी पहिल्या काही पल्सना लिथियम जास्त दिसतं आणि खाली जाताना ते उतरत जातं. हा उतार नमुन्याचा मूळचा नाही, रात्रीच्या हवेने केलेला आहे. गोळी डेसिकेटरमध्ये ठेवा, दाबल्याची वेळ वहीत लिहा. दाबण्यापूर्वीच पावडर ओली हवा खाऊन आलेली असेल, तर मात्र वरचा थर उडवूनही सुटका नाही. तेव्हा प्रत्येक कणाभोवती ते कवच असतं आणि कितीही खोल गेलात तरी मापात ते येणारच.

पायरी दुसरी: ऊर्जा आणि फोकस

हिशोब एकदा स्वतः करून पाहा. ३० मिलिज्यूलचा पल्स ६ नॅनोसेकंदांत पडतो, म्हणजे त्या क्षणी शक्ती ५० लाख वॅट. ती १०० मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटली की दर चौरस सेंटिमीटरला ६० गिगावॅटच्या वर जाते. प्लाझ्मा पेटायला साधारण एक गिगावॅटच्या पुढे गेलं तरी भागतं. म्हणजे हाताशी भरपूर आहे, ऊर्जा वाढवत नेण्याची घाई नको. जास्त ऊर्जेने खड्डा मोठा होतो, गोळीच्या कडा तडकतात आणि पार्श्वभूमीचा प्रकाश वाढतो.

फोकस नेमका पृष्ठभागावर ठेवण्याऐवजी एखादा मिलिमीटर आत ठेवा. पृष्ठभागाच्या वर राहिला तर नमुन्याआधी हवाच पेटते आणि वर्णपटात नायट्रोजन-ऑक्सिजनची गर्दी होते. भिंग फ्यूज्ड सिलिकाचं घ्या. साधी काच अतिनील प्रकाश गिळते, आणि आपल्या बऱ्याच रेषा तिथेच आहेत.

जमत असेल तर कक्षात आर्गॉन सोडा. हवेपेक्षा आर्गॉनमध्ये प्लाझ्मा अधिक काळ तापलेला राहतो आणि रेषा ठळक येतात. वायूचा प्रवाह मात्र रोज एकाच आकड्यावर ठेवा.

पायरी तिसरी: घाई न करणं

पल्स पडल्यावर पहिले काहीशे नॅनोसेकंद प्लाझ्मा इतका तापलेला असतो की सगळ्या तरंगलांबींवर सलग पांढरा उजेड फेकतो. त्यात रेषा बुडून जातात. म्हणून कॅमेरा थोड्या उशिराने उघडतात. हवेत सुरुवातीला १ मायक्रोसेकंद उशीर ठेवा आणि ५ ते १० मायक्रोसेकंद कॅमेरा उघडा ठेवा. मग उशीर अर्ध्या-अर्ध्या मायक्रोसेकंदाने बदलत रेषेची उंची आणि पार्श्वभूमी यांचं गुणोत्तर कुठे सर्वांत चांगलं येतं ते बघा. स्वस्त सीसीडी स्पेक्ट्रोमीटरमध्ये कॅमेरा किमान एक मिलिसेकंद उघडा राहतो, तिथे फक्त उशीर हातात असतो. तेवढ्यावरही काम होतं. एकदा ठरलेले आकडे मग प्रकल्प संपेपर्यंत हलवू नका.

पायरी चौथी: रेषा ओळखणं

सकाळी सर्वांत आधी पारा-आर्गॉनच्या दिव्याने तरंगलांबी तपासा. पाऱ्याच्या २५३.६५, ४३५.८३ आणि ५४६.०७ या रेषा जागेवर आहेत का ते बघा (रेषांचे सगळे आकडे नॅनोमीटरमध्ये). नंतर तुमच्या नमुन्याचा वर्णपट घ्या. त्यातल्या रेषांची नावं पाठ करायची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचा अणुवर्णपटांचा डेटाबेस मोफत आहे आणि त्यात लिब्ससाठी वेगळं पान आहे. मूलद्रव्यांचं मिश्रण, तापमान आणि इलेक्ट्रॉनांची घनता भरली की तो वर्णपट कसा दिसावा हे काढून देतो.

निकेल ३४१.४८ आणि ३५२.४५वर जोरात दिसतं, कोबाल्ट ३४०.५१ आणि ३४५.३५वर. आकडे पाहिलेत तर लक्षात येईल की दोघं एकाच गल्लीत राहतात. कोबाल्टच्या ३४५.३५ला लागून निकेलची ३४५.८५ आहे. स्पेक्ट्रोमीटरची विभेदनक्षमता ०.१ नॅनोमीटर असेल तर त्या सुट्या दिसतात, ०.५ असेल तर एकमेकींत मिसळतात, आणि कोबाल्ट जितकं नाही तितकं दिसतं. ८११मध्ये निकेल कोबाल्टच्या आठपट असल्याने ही चूक तिथे सर्वांत मोठी होते. मँगनीजच्या ४०३च्या आसपास तीन रेषा खेटून उभ्या आहेत, त्या तिन्हींचं मिळून क्षेत्रफळ घेतलं तरी चालतं.

प्रत्येक मूलद्रव्य किमान दोन रेषांवरून ओळखा. एका रेषेवर नाव ठोकू नका. पहिल्या पल्सला सोडियमची ५८९ची जोडी आणि कॅल्शियमच्या ३९३.३७ व ३९६.८५ जवळपास नेहमी येतात. ते बोटांचा घाम, नळाचं पाणी, हवेतली धूळ. दोन-तीन पल्सनंतर त्या गेल्या तर नमुन्याचा दोष नव्हता. राहिल्या तर पावडरीतच सोडियम आहे, आणि तो शोध घेण्याजोगा विषय आहे.

पायरी पाचवी: लिथियम, आणि झगझगीत रेषेचा मोह

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. लिथियमची ६७०.७८ची लाल रेषा सगळ्या वर्णपटात उठून दिसते. नवा माणूस साहजिकच तिलाच धरतो. मीही धरली होती. पाच प्रमाणित गोळ्या केल्या, ६७०.७८ची उंची मोजली आणि आलेख काढला. सुरुवातीला रेषा सरळ चढली, मग वाकली, आणि शेवटच्या दोन गोळ्या जवळजवळ एकाच उंचीवर आल्या. आठ दिवस मी वजनकाट्यावर संशय घेत गोळ्या पुन्हापुन्हा बनवत होतो. मग एका संध्याकाळी त्या शिखराचा भाग पडद्यावर मोठा करून पाहिला. शिखराच्या डोक्यावर बारीक खाच होती, जणू दोन शिखरं शेजारी उभी आहेत.

तिथे रेषा एकच होती. प्लाझ्माचा गाभा तप्त असतो आणि बाहेरचं आवरण थंड. आवरणातले लिथियमचे अणू मूळ, म्हणजे सर्वांत खालच्या, ऊर्जापातळीत बसलेले असतात, आणि ६७०.७८चा प्रकाश नेमका मूळ पातळीवर येऊन संपतो. त्यामुळे गाभ्याने फेकलेला प्रकाश आवरणातले अणू बरोबर त्याच तरंगलांबीला टिपून घेतात. मधोमध खाच पडते ती याचीच. जितकं लिथियम जास्त, तितकं शोषण जास्त. एनएमसीत वजनाने सुमारे ७ टक्के लिथियम असतं, एलएफपीत (लिथियम आयर्न फॉस्फेट कॅथोडमध्ये) साधारण ४.४. या पातळीला ६७०.७८ आकडा सांगण्याच्या कामाची राहत नाही. पाण्यात किंवा मातीत दशलक्षात काही भाग लिथियम शोधायचं असेल तर तीच रेषा उत्तम.

कॅथोडसाठी ६१०.३६ घ्या. तिची खालची पातळी मूळ पातळीच्या १.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आहे, थंड आवरणात तिथे फारसे अणू नसतात, म्हणून शोषण थोडं. एक खबरदारी: कॅल्शियमची ६१०.२७ तिला चिकटून आहे. ३९३.३७वर कॅल्शियम टिकून दिसत असेल तर ६१०.३६वर डोळे मिटून विश्वास नको. दुसरा पर्याय ८१२.६, डिटेक्टर तिथपर्यंत पोचत असेल तर. आर्गॉन वापरत असाल तर तिच्या अलीकडे ८११.५३ला आर्गॉनची दणदणीत रेषा आहे, तिचा पाया लिथियमखाली शिरणार नाही हे बघून घ्या.

हाच न्याय निकेल आणि मँगनीजला. ३४१.४८ आणि ४०३.०८ याही मूळ पातळीच्या जवळ उतरणाऱ्या रेषा. निकेल ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की ४७१.४४ किंवा ५०८.०५ बघा, मँगनीजसाठी ४८२.३५. त्या मंद असतात आणि जास्त पल्स मागतात. पण जेवढं मूलद्रव्य वाढतं तेवढ्याच वाढतात.

पायरी सहावी: कॅलिब्रेशन

बाजारात एनएमसी १११, ५३२, ६२२, ८११ अशा पावडरी मिळतात. १११मध्ये निकेल वजनाने २० टक्क्यांच्या जरा वर, ८११मध्ये ४८. चारही पावडरी आयसीपीवर तपासून घेतल्या की निकेल, मँगनीज, कोबाल्टची कॅलिब्रेशन रेषा (माहीत असलेलं प्रमाण आणि दिसलेला प्रकाश यांचा आलेख) तयार. थैलीवर छापलेली टक्केवारी जशीच्या तशी वापरू नका.

लिथियमला ही युक्ती चालत नाही. चारही पावडरींत लिथियम ७.१ ते ७.२ टक्क्यांच्या मध्येच आहे. आलेखावर सगळे ठिपके एकावर एक पडतात, त्यातून रेषा काय काढणार? सोपा उपाय म्हणून अनेकजण लिथियम कार्बोनेट मिसळतात. त्यात लिथियम १८.८ टक्के असतं, म्हणून थोडं घातलं तरी फरक पडतो. पण स्फटिकाच्या जाळीत बसलेलं लिथियम आणि बाजूला मिसळलेल्या कार्बोनेटमधलं लिथियम लेझरच्या धडकेला सारखं उडत नाही. मला त्यापेक्षा दुसरी वाट पटते: एकाच कॅथोडचे चार-पाच तुकडे वेगवेगळ्या पातळीपर्यंत चार्ज करायचे, म्हणजे प्रत्येकातून वेगळ्या प्रमाणात लिथियम निघून जातं, आणि प्रत्येकाचा अर्धा भाग आयसीपीला द्यायचा. वेळ लागतो. पण मिळणारी रेषा प्रत्यक्ष मोजायच्या पदार्थाचीच असते.

उंचीपेक्षा रेषेचं क्षेत्रफळ घ्या, पार्श्वभूमी वजा करून. आणि नुसतं लिथियमचं क्षेत्रफळ न वापरता त्याला निकेल, मँगनीज, कोबाल्टच्या बेरजेने भागा. लेझर एखाद्या पल्सला कमी पडला तर सगळ्याच रेषा मिळून खाली येतात, गुणोत्तर बरंचसं टिकतं. एनएमसीत हे विशेष शोभतं, कारण पदार्थाचं सूत्रच लिथियमला तिन्ही धातूंच्या बेरजेच्या तुलनेत सांगतं.

पायरी सातवी: मोजणं

एकाच खड्ड्यात शंभर पल्स मारून सरासरी काढू नका. खड्डा खोल झाला की प्लाझ्मा भिंतींत कोंडला जातो आणि आकडे सरकतात. गोळीच्या पृष्ठभागावर वीस-पंचवीस जागा घ्या, प्रत्येकी पाच पल्स सफाईसाठी सोडून द्या आणि पुढच्या दहांचा वर्णपट ठेवा. आधी जागेनुसार सरासरी, मग जागांची सरासरी. जागाजागांतला फरक जास्त आला तर यंत्रापेक्षा खलात घोटण्यावर संशय घ्या.

दर दहा नमुन्यांमागे एक माहितीची गोळी अनोळखी असल्यासारखी मोजा. ती ठरलेल्या आकड्यापासून सरकू लागली की थांबा आणि भिंगासमोरची काच पुसा. बहुतेक वेळा तिच्यावर काळा थर बसलेला सापडतो. शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येईल असं किमान प्रमाण, सांगायची असेल तर कोऱ्या (ते मूलद्रव्य नसलेल्या) गोळीवरच्या मापांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले कॅलिब्रेशनचा उतार.

पायरी आठवी: इलेक्ट्रोडमध्ये खाली उतरणं

गोळ्यांवर हात बसला की खऱ्या इलेक्ट्रोडकडे वळा. ॲल्युमिनियमच्या सुमारे १५ मायक्रोमीटर फॉइलवर ५० ते १०० मायक्रोमीटर जाडीचा लेप असतो. फॉइल काचेच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने सपाट बसवा. सुरकुती राहिली तर फोकस जागोजागी बदलतो. इथे ऊर्जा बरीच कमी करा आणि एकाच जागी एकेक पल्स मारत प्रत्येकाचा वर्णपट वेगळा साठवा.

सुरुवातीला लिथियम आणि निकेल. काही पल्सनंतर ॲल्युमिनियमची ३९४.४० डोकं वर काढते, आणि बघता बघता बाकी सगळ्यांना मागे टाकते. लेप संपला. (३९६.१५ टाळा, शेजारी कॅल्शियम आहे.) ॲल्युमिनियम किती पल्सना आलं ते मोजा, लेपाची जाडी मायक्रोमीटर या उपकरणाने मोजून ती पल्सच्या संख्येने भागा, म्हणजे एका पल्सला किती खोली गेली याचा अंदाज मिळतो. लेप सच्छिद्र असल्याने हा आकडा जागेगणिक थोडा बदलतो, म्हणून दहा जागांचा घ्या. ॲल्युमिनियम एकदम उगवत नाही, चार-पाच पल्स हळूहळू चढतं, कारण खड्ड्याचा तळ सपाट नसून वाटीसारखा असतो: मध्यभाग फॉइलला टेकलेला असताना कडा अजून लेपातच असतात. या पट्ट्यातले लिथियमचे आकडे खोलीच्या आलेखात घेऊ नका.

दोन इलेक्ट्रोड शेजारी ठेवून, एक ताजा आणि एक शेकडो वेळा चार्ज-डिस्चार्ज झालेला, हेच पुन्हा करा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच फोकसवर, मध्ये प्रमाणित गोळी मोजून. जुन्यात लिथियमचं गुणोत्तर लेपाच्या वरच्या भागात कमी आहे की तळाशी, हे त्या दुपारी तुमच्या समोर पडद्यावर असेल.